प्यूजेट साउंडचा शरद: रेघ सापडली

१४ सप्टेंबर, बुश पॉइंट

चार सकाळी हात हलवत परतल्यावर आज प्यूजेट साउंडमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या खाडीत, पहिला कोहो (सामनची एक जात) लागला. मकिलटिओहून पहाटेची फेरीबोट धरून व्हिडबी बेटावर उतरलो तेव्हा अंधारच होता. आतापर्यंत माझं एकच चुकत होतं. मासा लागेना की मी आमिष बदलायचो. गुलाबी बझ बॉम्ब काढ, हिरवा लाव, मग पांढरा. आज डबा उघडायचा नाही असं ठरवूनच गेलो होतो. अर्धा तास नुसतं पाणी बघितलं. भरतीचा जोर ओसरत आला तशी किनाऱ्यापासून तीसेक मीटरवर रेघ उमटली: पलीकडे पळतं पाणी, अलीकडे जवळजवळ थांबलेलं, मधे फेस आणि शेवाळाच्या काड्या. वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर काका अशाच रेघेकडे बोट दाखवून म्हणायचे, "थंयसर टाक." लहान मासळी त्या कडेला साचते आणि कोहो तिच्यामागे येतो. समुद्र बदलला तरी हे बदललेलं नाही.

ज्यांनी बझ बॉम्ब वापरला नसेल त्यांच्यासाठी: हा शिशाचा चपटा तुकडा असतो, मधून भोक, त्यातून तंगूस आरपार जाते आणि गळ खाली वेगळा बांधलेला असतो. रॉड झटकन वर उचलून खाली आणला की तो भिरभिरत बुडतो. माझे दोन्ही मासे तो बुडत असतानाच लागले. म्हणून बुडताना तंगूस पार ढिली सोडू नका, नाहीतर ओढ हाताला कळत नाही. ही गोष्ट कळायला मला दोन शरद लागले.

पहिल्याचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर शाबूत होता. म्हणजे जंगली मासा. उलटा दात नसलेला गळ पाण्यातच पक्कडीने सोडवला, त्याला वर उचललंही नाही. दुसऱ्याचा पर कापलेला, म्हणजे हॅचरीतला (पैदास केंद्रातल्या पिल्लांचा हा पर ओळखीसाठी कापून मग सोडतात). तो ठेवता येतो. तोंड काळं पण हिरड्या पांढऱ्या, आणि ठिपके शेपटीच्या फक्त वरच्या भागावर, म्हणजे कोहोच. (चिनूक ही सामनची दुसरी जात; तिच्या हिरड्याही काळ्या असतात आणि ठिपके शेपटीभर.) पकडलेल्या माशांच्या नोंदीच्या कार्डावर तिथेच शाईने नोंद केली, कल्ले कापून रक्त जाऊ दिलं आणि मासा लगेच बर्फात. हे रक्त काढणं टाळू नका, तुकडीच्या चवीत सरळ फरक पडतो.

५ ऑक्टोबर, वेस्टपोर्ट

तळाच्या माशांसाठी चार्टर (भाड्याची) बोट. साउंडमध्ये लिंगकॉडचा हंगाम मे ते जूनच्या मध्यापर्यंतच असतो, त्यामुळे शरदात तो हवा असेल तर उघड्या समुद्रावर यावं लागतं, आणि इथेही तो ऑक्टोबरातच बंद होतो. ग्रेज हार्बर खाडीच्या तोंडावर लाटांनी चांगलंच हलवलं.

काळ्या रॉकफिशचा थवा लागला. एक वर आणत असताना रॉड अचानक जड झाला. गळाला लागलेल्या रॉकफिशलाच लिंगकॉडने तोंडात धरलं होतं! अशा वेळी घाई केली की तो सोडून देतो. सावकाश, एका लयीत गुंडाळत राहायचं आणि तो पृष्ठभागाला येण्याआधीच खाली जाळी तयार हवी. मांस निळसर हिरवं निघालं. घाबरू नका, शिजलं की पांढरं होतं. तिरफळं घातलेल्या आमटीत त्याचे तुकडे फुटत नाहीत, हा या वर्षीचा मोठा शोध.

दिवसातली मला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट मात्र वेगळी. शेजाऱ्याला एक यलोआय रॉकफिश लागला. हा ठेवायला बंदी आहे, आणि तो शंभर वर्षांहून जास्त जगू शकतो. खोलातून वर येताना पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात. नुसता सोडला तर तो तरंगत मरतो. बोटीवरच्या मदतनिसाने वजन लावलेला चिमटा त्याच्या ओठाला लावला आणि त्याला परत खोल नेऊन सोडलं. खाली पाण्याच्या दाबाने पिशवी पुन्हा आकसते. परत येताच मी माझ्यासाठी तसा चिमटा घेतला.

१६ नोव्हेंबर, हूड्सपोर्ट

चम, सामनची आणखी एक जात. खांद्याला खांदा लावून माणसं, पाऊस, कमरेपर्यंत पाणी. हॅचरीच्या ओढ्याकडे येणारे हे मासे, अंगावर जांभळे पट्टे उमटलेले. तरंग्याखाली हिरवा जिग (वजनदार डोक्याचा गळ), दीड मीटरवर. आठ लागले, दोन ठेवले, दोन्ही अजून चंदेरी असलेले. मादीची गाबोळी भरपूर निघाली. आईच्या पद्धतीने हळद, तिखट, आमसूल लावून तव्यावर परतली.

भारतात रावसालाही सामन म्हणतात, पण त्याचं या माशाशी नातं नाही. रावसाला छातीच्या पराखाली चार सुटे धागे असतात, आणि शेपटीजवळचा तो मांसल पर नसतो. घरी फोटो पाठवल्यावर हे दरवेळी सांगावं लागतं आणि मी ते आनंदाने सांगतो.

सध्या रील उघडून मीठ धुवायचं काम चालू आहे. पहिली तीस मीटर तंगूस कापून टाकली. पुढच्या शनिवारी ओहोटीच्या वेळी पॉइंट नो पॉइंटला रॉड न घेता जाणार आहे, उघडा पडलेला तळ वहीत काढून ठेवायला.