तुम्ही विचारलंत म्हणून: पाच कोटी डॉलर नाकारणारा निवेदक बरोबर होता का?

नाशिकमध्ये वकिली करताना गोदाघाटावर, मिसळीवर किंवा सिंहस्थाच्या तयारीवर व्हिडिओ करणारे तरुण एखाद्या कंपनीने पाठवलेला मसुदा घेऊन माझ्याकडे येतात आणि बोलता बोलता हा प्रश्न विचारतात.

प्रकरण जानेवारी 2023 मधले आहे. अमेरिकेतील निवेदक स्टीव्हन क्राउडर यांना ‘डेली वायर’ या माध्यम कंपनीने चार वर्षांसाठी 5 कोटी डॉलर देऊ केले होते. मात्र यूट्यूबने कार्यक्रमाचे जाहिरातींचे उत्पन्न बंद केल्यास मानधनात कपात होईल, अशी अट मसुद्यात होती. क्राउडर यांनी कंपनीचे नाव न घेता या अटीवर जाहीर टीका केली, कंपनीचे सहसंस्थापक जेरेमी बोरिंग यांनी मसुदाच प्रेक्षकांसमोर उलगडून दाखवला, आणि त्यानंतर क्राउडर यांनी दोघांमधील दूरध्वनीवरील संभाषणाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले.

माझ्या मते अटीला हरकत घेणे पूर्णपणे योग्य होते. निर्णय तिसऱ्याच कंपनीने घ्यायचा आणि त्याचा भुर्दंड मात्र बोलणाऱ्याने सोसायचा, अशी रचना असेल तर बोलणारा कॅमेऱ्यासमोर बसण्याआधीच स्वतःला आवरू लागतो, आणि हे नुकसान कोणत्याही रकमेने भरून निघत नाही. उत्पन्न बुडाले तर तेवढेच मानधन कुठून द्यायचे, हा कंपनीचा सवालही खोटा नव्हता. पण मसुदा म्हणजे करार नव्हे. तो घासाघीस करण्यासाठीच असतो. विश्वासाने झालेले खासगी बोलणे जगासमोर मांडणे मला अजिबात पटलेले नाही, कारण त्यानंतर वाटाघाटीच्या टेबलावर कोणीच मोकळेपणाने बोलू शकत नाही.

आपल्याकडे कायदा एका बाबतीत कलाकाराच्या बाजूने ठामपणे उभा आहे. आपल्या शेजारच्या श्रीरामपूरचे क्रिकेटपटू झहीर खान यांच्या खटल्यात, त्यांच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या कंपनीशी झालेल्या कराराची मुदत संपल्यानंतरही पुढचा करार स्वतःकडे वळवू पाहणारी कंपनीची अट सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 खाली, म्हणजे व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्द मानणाऱ्या कलमाखाली, अमान्य ठरवली. मुदत चालू असतानाची बंधने मात्र साधारणपणे टिकतात, आणि नेमके तिथेच आपली मुले अडकतात: पाच वर्षांची मुदत, बाहेर पडण्याची सोय फक्त कंपनीला, आणि चॅनेलचा ईमेल व पासवर्डही कंपनीच्या ताब्यात.

कॉपीराइटचेही तसेच आहे. हक्क देताना करारात कालावधी लिहिलेला नसेल, तर कायदा तो पाच वर्षांचा धरतो. म्हणूनच कंपन्या ‘कायमस्वरूपी’ हा शब्द न विसरता घालतात. तो शब्द खोडून मुदत लिहून मागा, सोडण्याची नोटीस दोन्ही बाजूंना सारखी मागा, आणि यूट्यूबच्या कारवाईचा तोटा कोणी किती सोसायचा हे आकड्यांत ठरवून घ्या. यातले काहीही मागितल्याने प्रस्ताव हातचा जातो, ही भीती मी बहुतेकांच्या चेहऱ्यावर पाहतो, पण कंपनीचा वकीलसुद्धा तुमच्याकडून अशा दुरुस्त्या येतील हे गृहीत धरूनच पहिला मसुदा पाठवतो.