तुम्ही विचारलंत म्हणून: दुचाकीसाठी कुठला टूल सेट घेऊ?

गाडीचं बारीकसारीक काम घरी करायला लागलेल्या माणसाशी बोलणं झालं की हा प्रश्न येतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे: सेट घेऊच नका. तुमच्या गाडीला कुठले स्क्रू आणि बोल्ट आहेत ते आधी बघा आणि त्यांना नीट बसतील तेवढीच हत्यारं एकेक करून घ्या. पहिली खरेदी दोन नंबर मापाच्या फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरची, पण जपानी टोकाच्या.

फुलीची खाच दिसली की आपला हात ‘स्टार’कडे जातो. दुकानात मिळणारा नेहमीचा स्टार फिलिप्स टोकाचा असतो. हेन्री फिलिप्स यांना १९३६ मध्ये अमेरिकेत ज्याची पेटंट मिळाली, ती ही रचना. आपल्या रस्त्यावर मात्र १९८४-८५ पासून सुझुकी, यामाहा, होंडाच्या घराण्यातल्या गाड्या आल्या, त्या जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएस स्क्रू घेऊन. दोन्ही खाचा वरून सारख्याच दिसतात. पण फिलिप्सच्या पात्यांच्या बेचक्यात गोलाई असते, त्यामुळे ते टोक जपानी खाचेत तळापर्यंत उतरत नाही, वरच अडकतं. जोर लावला की टोक वर चढतं आणि फुलीच्या कडा सोलून निघतात. उलट जपानी टोक फिलिप्स स्क्रूवर बहुतेक वेळा चालून जातं. म्हणून एकच घ्यायचा तर जपानीच घ्यावा. ओसाकाच्या व्हेसल कंपनीचे मला आवडतात.

सगळ्यात जास्त नासलेले स्क्रू मला दिसतात ते पुढच्या डिस्क ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर. हँडलवरच्या ब्रेक फ्लुइडच्या त्या छोट्या डबीचं झाकण चपट्या डोक्याच्या दोन फुलीच्या स्क्रूंनी बसवलेलं असतं. खाली ॲल्युमिनियम, वर पावसाचं पाणी; कोकणात दोन-तीन पावसाळे झाले की ते घट्ट धरून बसतात. डोक्यावर बारीक खोलगट ठिपका असेल तर स्क्रू जेआयएस समजा. ठिपका नसला तरी जपानी गाडीवर तेच धरून चाला. खाचेतली माती टाचणीने काढा. टोक ठेवून जरा डुलवून बघा. बरोबर टोक डुलत नाही. मग ड्रायव्हरच्या मुठीवर हातोडीचा एक हलका ठोका द्या, तळहाताने वजन टाका आणि दाब न सोडता फिरवा. फिरवण्यापेक्षा दाबण्यात जास्त ताकद जायला हवी. खाली फडकं पसरायला विसरू नका, ब्रेक फ्लुइड रंग खातं.

यामाहा आरएक्स १०० च्या इंजिनाच्या बाजूच्या कव्हरांना असेच फुलीचे स्क्रू असतात, फक्त जास्त हट्टी. तिथे हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. मागून ठोका बसला की तो टोक आत दाबतो आणि त्याच क्षणी थोडं फिरवतो. टोक मात्र इथेही जपानीच हवं.

बोल्टसाठी गोटी पाना (सॉकेट) घ्याल तो सहा कोनी घ्या. बारा कोनी पाना अडचणीच्या जागी पटकन बसतो खरा, पण तो बोल्टचे कोपरे पकडतो. सहा कोनी सपाट बाजूंवर जोर देतो. इंजिन ऑईल काढायच्या ड्रेन बोल्टला तर मी फिक्स, म्हणजे उघड्या तोंडाचा पाना लावूच देत नाही. जपानी धाटणीच्या गाड्यांना ८, १०, १२, १४ आणि १७ एवढ्या मापांत बहुतेक काम होतं. ही मापं बोल्टच्या डोक्याची, मिमीमध्ये; आट्यांपाशी आठ मिमी जाड असलेल्या बोल्टला तिथे १२ चं डोकं असतं, युरोपीय धाटणीत त्यालाच १३ चं. १२ च्या बोल्टवर १३ ‘थोडा सैल आहे, चालेल’ म्हणून लावणारे खूप भेटतात. नाही चालत.

आवळायला टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना घ्या, तोही छोटा, ५ ते २५ न्यूटन मीटरचा. सहा मिमीच्या साध्या बोल्टला साधारण १० पुरतात, आठ मिमीच्याला २२ च्या आसपास. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच पाळायचा. ॲल्युमिनियममधले आटे गेले की पुढचं काम लेथवाल्याकडे जातं. चाकाच्या एक्सल नटला मात्र याहून बराच जास्त टॉर्क लागतो; त्यासाठी मोठा रेंच नंतर घेतलात तरी चालेल, तोवर ते काम गॅरेजमध्ये करून घ्या.