तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रीचा फोटो दिवसासारखा का येतो?

"पौर्णिमेच्या रात्री साताऱ्याजवळच्या संगम माहुलीच्या घाटावर ट्रायपॉड लावून फोटो काढला, पण गूढ वाटायच्या ऐवजी तो सकाळी सातचा वाटतो. असं का?" हा प्रश्न नेहमी येतो. दोष मीटरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्रणेचा आहे. समोर काहीही असलं तरी ते मध्यम करड्यावर आणायचं, एवढंच त्याला कळतं. अंधार दिसला की तो भरून काढतो. मोबाइलचा नाइट मोड तर यात जास्तच उत्साही.

तेव्हा मॅन्युअलवर या, म्हणजे सगळं स्वतः ठरवा. आकाश स्वच्छ असेल तर पौर्णिमेला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, एफ/४ (लेन्सचं छिद्र) आणि १५ सेकंदांत जवळजवळ दिवस उगवतो. बाकी तसंच ठेवून वेळ ४ सेकंदांवर आणा, म्हणजे साधारण दोन स्टॉप कमी (दर स्टॉपला उजेड निम्मा). पायऱ्यांच्या कडा तेवढ्या उरतात, पाणी काळं पडतं. हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, डावीकडे अंधाराच्या बाजूला सरकेल, सरकू द्या. मात्र कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा ब्राइटनेस आधीच उतरवा. अंधारात ती फसवी उजळ दिसते, आणि घरी आल्यावर नुसता काळा चौकोन निघतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची झाक ठरवणारी सेटिंग, ३५०० केल्विनच्या आसपास ठेवा. त्याच्या फार खाली गेलात तर नाटकातल्या रात्रीसारखा निळा रंग येतो.

फोकस ऑटोवर सोडू नका, लेन्स नुसती पुढेमागे करत राहते. जिथे फोकस हवा तिथे बॅटरी मारा, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं चालू दृश्य) मोठा करून हाताने जुळवा, मग बॅटरी बंद.

आता उजेड. कॅमेऱ्याजवळून मारलेल्या बॅटरीने सावल्या वस्तूंच्या मागे जातात आणि दगडी भिंत सपाट होते. बाजूने, गुडघ्याच्या उंचीवरून, भिंतीला घासत मारा. दगडाचा प्रत्येक खड्डा वर येतो. बॅटरी धरणारा खांबाआड हवा. उजेड कुठून येतोय हे कळलं की धाक संपला.

भूत दाखवायला पांढरी साडी, मोकळे केस हे कृपा करून नको, लोक हसतात. त्यापेक्षा अर्धपारदर्शक माणूस करा. एक्सपोजर, म्हणजे शटर उघडं राहण्याची वेळ, २० सेकंदांचं. साध्या, फिक्या कपड्यातला माणूस पहिले ८-१० सेकंद अगदी स्तब्ध उभा राहील आणि मग झटकन फ्रेमबाहेर जाईल. त्याच्या मागची भिंत थोडी उजेडात हवी, तरच ती त्याच्यातून दिसते. मागे काळोखं दार असेल तर माणूस फक्त मंद दिसतो, आरपार नाही. भिंत फार उजळ असेल तर तो पुसलाच जातो. इथेच बहुतेकांचं फसतं.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे कृष्णाकाठी धुकं मिळालं तर बॅटरी धुक्याच्या पलीकडे, झाडामागे ठेवा. आपल्या बाजूने मारलीत तर समोर पांढरी भिंत उभी राहते. लेन्सवर दव बसतं, तेव्हा दर पाच-दहा मिनिटांनी पुसा. पुसायचं राहिलं तर सगळा फोटो दुधाळ होतो, आणि एडिटिंगमध्ये तो सुधारत नाही.

एकट्याने जाऊ नका. कराड-पाटणकडे उसात बिबट्या असतो, तिथे शेतबांधावर रात्री थांबूच नये. घाटावर चिता जळत असेल तर कॅमेरा पिशवीत. आणि गावात पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. रात्री अकराला नदीकाठी हलणारी बॅटरी दिसली की लोक चोर समजून काठ्या घेऊनच येतात.