तुम्ही विचारलंत म्हणून: एका सुरकुतीसाठी मशीन का थांबवते

“सेपरेटरवर एवढीशी सुरकुती, आणि त्यासाठी अख्खा लॉट अडवायचा?” हा प्रश्न मला प्रॉडक्शनचे सहकारी विचारतात, नव्याने रुजू झालेली मुले विचारतात आणि स्क्रॅपचा हिशेब पाहणारे वरिष्ठ तर दर महिन्याला विचारतात. आम्ही लिथियम-आयन बॅटरीचे सेल बनवतो आणि सेपरेटर म्हणजे सेलमधल्या दोन इलेक्ट्रोडना वेगळे ठेवणारी पातळ फिल्म. आजवर मी तुटक उत्तरे देत आले; आज नीट सांगते.

प्रश्नामागची समजूत अगदीच चुकीची नाही. सुरकुती पडली म्हणून फिल्म फाटत नाही, कॅथोड आणि अॅनोड हे दोन इलेक्ट्रोड एकमेकांना टेकत नाहीत. हाय-पॉट चाचणीत असा सेल बहुधा सुखरूप पास होतो, कारण ती चाचणी इन्सुलेशन तपासते आणि सुरकुतलेल्या फिल्मचे इन्सुलेशन शाबूतच असते. परंतु सेपरेटरने इलेक्ट्रोड दूर ठेवायचे असतात, तसेच लिथियमचे आयन सगळीकडून सारख्या सहजतेने जाऊही द्यायचे असतात. 12 किंवा 16 मायक्रॉनच्या फिल्मला वळी पडली की तेवढ्या पट्ट्यात इलेक्ट्रोडमधले अंतर वाढते, तिथून आयन कमी जातात आणि त्यांचा भार शेजारच्या भागावर पडतो.

हे सगळे मला तेव्हाही ठाऊक होते, म्हणूनच पुढचे सांगणे जड जाते.

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या पायलट लाइनवर वाइंडिंग, म्हणजे इलेक्ट्रोड आणि सेपरेटर एकत्र गुंडाळण्याचे काम, सांभाळत होते. नमुन्याचे सेल ग्राहकाला देण्याची तारीख तोंडावर आली होती. एका रात्रपाळीत सेपरेटरवर रेघा दिसू लागल्या. नखाने ओढल्यासारख्या बारीक, टॉर्च आडवा धरला की चमकणाऱ्या आणि प्रत्येक वेळी उजवीकडून डावीकडे तिरक्या उतरणाऱ्या. मशीनवरचे मामा म्हणाले, “मॅडम, रेघ तिरकी पडतेय म्हणजे रोलर तिरका असणार. एकदा बघून घेऊ या.” रोलर तपासायचा तर अर्धी पाळी मशीन बंद ठेवावी लागणार होती. मी टेन्शनची, म्हणजे फिल्मवरच्या ताणाची, सेटिंग वाढवली. दोन मिनिटांत रेघा दिसेनाशा झाल्या आणि मला, खरे सांगायचे तर, आपण शहाणे आहोत असे वाटले. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी हातातला टॉर्च खिशात ठेवला.

सगळ्या चाचण्या पास झाल्या. सहा आठवड्यांनी सायकलिंगवर, म्हणजे पुन्हापुन्हा चार्ज-डिस्चार्ज करायला, ठेवलेल्या सेलपैकी काहींची क्षमता इतरांपेक्षा झपाट्याने उतरू लागली. त्यांतला एक आम्ही पूर्ण चार्ज करून, सगळी खबरदारी घेऊन उघडला. पूर्ण चार्ज झालेले अॅनोडवरचे ग्रॅफाइट सोनेरी दिसते, आणि जेली रोल, म्हणजे सेलमधली गुंडाळी, उलगडत गेलो तसा तो रंग सर्वत्र होता. फक्त मधल्या वेढ्यांवर एक काळपट रेघ होती आणि तिच्या कडेला राखाडी-पांढरा थर, म्हणजे ग्रॅफाइटमध्ये शिरायचे सोडून वरच साचलेले धातुरूप लिथियम. रेघ तिरकी होती, उजवीकडून डावीकडे उतरणारी.

जास्त ताणलेली फिल्म लांबीत वाढते, रुंदीत आक्रसते आणि रोलरवर सपाट दिसते. गुंडाळल्यावर तो ताण सैल होऊ पाहतो आणि आतल्या वेढ्यांत वळ्या उमटतात. त्यातच चार्ज होताना ग्रॅफाइट सुमारे 10 टक्के फुगते आणि त्या वळ्या आणखी दाबल्या जातात. मी सुरकुती काढली नव्हती, नजरेआड केली होती. नंतर तपासले तेव्हा गाइड रोलर समांतर नव्हताच.

तेव्हाची मी आज समोर आली तर वाद घालील. ती म्हणेल, टेन्शन ठरवून दिलेल्या मर्यादेत होते, कोणताही नियम मोडला नव्हता आणि तारीख चुकली असती तर ग्राहकच गेला असता. यातले एकही वाक्य खोटे नाही. मी तिला एवढेच विचारीन की मामांचे ऐकायला अर्धी पाळी नव्हती, मग सहा आठवडे कुठून आले? त्यावर ती म्हणेल, ते सहा आठवडे जातील हे त्या रात्री कोणाला माहीत होते? इथे माझ्याकडे उत्तर नसते.

माझ्या बाजूने बोलणारे काही जण शेव्हरोले बोल्ट या इलेक्ट्रिक गाडीचा दाखला देतात. 2021 मध्ये त्या गाड्या परत बोलावल्या गेल्या तेव्हा आगीचे कारण म्हणून फाटलेला अॅनोड टॅब (अॅनोडमधून वीज बाहेर नेणारी पट्टी) आणि दुमडलेला सेपरेटर हे दोन्ही दोष एकाच सेलमध्ये एकत्र येणे असे सांगितले गेले. हा दाखला मी स्वतः देत नाही. दुमडणे आणि सुरकुतणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्येक सुरकुतीतून आग लागते असे सांगून भीती घालणे मला अप्रामाणिक वाटते.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा मशीन थांबवले. रोलर सरळ निघाला, टेन्शन ठीक होते. सेपरेटरच्या रोलचीच एक कड सैल आली होती. तो रोल बदलून पुढचा लावला, तर त्याचीही कड तशीच. रात्रपाळीचे उत्पादन गेले आणि सकाळी वरिष्ठांनी तोच प्रश्न विचारला. मी त्यांना टॉर्च आडवा धरून ती कड दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “मला तर काही दिसत नाही.”