तुम्ही विचारलंत म्हणून: एकटीने एखादी वस्तू घेणं बंद करून काय होणार?

मोठ्या कंपन्या आणि टॅक्स हा विषय काढला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. कुणी खरंच जाणून घ्यायला विचारतं, कुणी विषय मिटवायला. "एवढं पटत नाही तर त्यांचं काही घेऊ नकोस ना, आणि समजा नाही घेतलंस, तुझ्या एकटीमुळे त्यांना काय फरक पडणार आहे?" दरवेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन समाधान होत नाही म्हणून आज सविस्तर लिहिते.

फरक पडतो. पण कुठे पडतो आणि कुठे अडतो ते बघायचं तर स्टारबक्स या कॉफीच्या दुकानांच्या अमेरिकन कंपनीचं ब्रिटनमधलं प्रकरण बघा. ऑक्टोबर 2012 मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बातमी दिली की 1998 पासून या कंपनीने ब्रिटनमध्ये 3 अब्ज पौंडांच्या वर विक्री केली आणि त्या सगळ्या वर्षांत मिळून कॉर्पोरेशन टॅक्स, म्हणजे कंपनीच्या नफ्यावरचा टॅक्स, भरला 86 लाख पौंड. गुंतवणूकदारांना सांगताना ब्रिटनचा धंदा छान चाललाय आणि तिथे दाखल केलेल्या हिशोबात मात्र वर्षानुवर्षं तोटा! आता हे जमतं कसं ते बघा, सगळी मेख इथेच आहे. समजा दुकानात 100 पौंडांची कॉफी विकली गेली, तर त्यातले 6 पौंड ब्रँड वापरल्याची रॉयल्टी म्हणून ॲमस्टरडॅममधल्या स्टारबक्सच्याच दुसऱ्या कंपनीला, कॉफीच्या बिया घेतल्या त्या स्वित्झर्लंडमधल्या त्यांच्याच कंपनीकडून आणि तिने त्यावर 20 टक्के चढवून बिल लावलेलं, धंद्यासाठी कर्ज घेतलं तेही ग्रुपकडूनच म्हणजे व्याजही तिकडेच. पगार, भाडं, वीज हे खरे खर्च तर आहेतच. एवढं सगळं वजा केल्यावर ब्रिटनमध्ये नफा उरतच नाही, आणि नफा नाही तर टॅक्स कसला. रॉयल्टी, बियांवरचा नफा आणि व्याज, तिन्ही एका खिशातून काढून त्याच माणसाच्या दुसऱ्या खिशात. प्रत्येक करार सहीशिक्क्याचा, त्यामुळे कायदा मोडला म्हणून बोट ठेवायला जागा नाही.

शेजारीच कुणाचं स्वतःचं एकच कॉफीचं दुकान असेल तर त्याच्याकडे ॲमस्टरडॅमची कंपनी नसते. तो रस्ते तेच वापरतो, त्याच्याकडची पोरं त्याच शाळांत शिकलेली असतात, आणि तो टॅक्स पूर्ण भरून स्टारबक्सशी स्पर्धा करतो. मला सगळ्यात जास्त राग येतो तो या गोष्टीचा.

तर पुढे काय झालं, नोव्हेंबर 2012 मध्ये ब्रिटिश संसदेच्या पब्लिक अकाउंट्स कमिटीने (सरकारी पैशांच्या हिशोबावर लक्ष ठेवणारी खासदारांची समिती) स्टारबक्स, ॲमेझॉन आणि गूगल तिघांनाही बोलावून घेतलं. अध्यक्ष होत्या मार्गारेट हॉज. त्यांचा मुद्दा सरळ होता, तुम्ही बेकायदा वागलात असं आम्ही म्हणत नाही, अनैतिक वागलात असं म्हणतोय. दुकानांसमोर निदर्शनं झाली, लोक उघडपणे सांगायला लागले की आम्ही इथे कॉफी घेणार नाही, आणि डिसेंबरमध्ये स्टारबक्सने जाहीर केलं की पुढच्या दोन वर्षांत मिळून साधारण 2 कोटी पौंड टॅक्स आम्ही आपणहून भरू. 2014 मध्ये युरोपचं मुख्यालय लंडनला हलवायचंही ठरलं. म्हणजे ग्राहकांनी काय फरक पडतो असं कुणी विचारलं तर मी हा आकडा सांगते.

पण या आकड्यावर मी खूश नाही. किती भरायचं ते भरणाऱ्याने स्वतः ठरवलं आणि तेही बदनामी थांबावी म्हणून, तर तो टॅक्स राहत नाही, ती देणगी होते. देणगी उद्या बंदही करता येते. तुम्हा-आम्हाला अशी सोय आहे का, की यंदा लोक फार बोलतायत तर थोडा इन्कम टॅक्स भरून टाकू?

आणि तिघांपैकी स्टारबक्सच का वाकलं? कारण कॉफी दुसरीकडे मिळते. ॲमेझॉनवर बहिष्कार टाकायचा तर पार्सल मागवणं बंद करता येईल, पण ज्या साइटवर तुम्ही बातम्या वाचता, सिनेमे बघता, तिकिटं काढता त्यातल्या कितीतरी त्यांच्याच सर्व्हरवर चालतात, तुम्हाला कळतही नाही. ॲमेझॉनची ब्रिटनमधली विक्री लक्झेंबर्गच्या खात्यात जमा व्हायची. एप्रिल 2015 मध्ये ब्रिटनने असा बाहेर वळवलेल्या नफ्यावर 25 टक्क्यांचा वेगळा टॅक्स आणला, आणि मे 2015 पासून ॲमेझॉनने तिथली विक्री ब्रिटनच्या शाखेत नोंदवायला सुरुवात केली. जे बहिष्काराला जमलं नाही ते नियमामुळे झालं असं माझं मत आहे.

ॲपलचं तर अजून स्पष्ट आहे. युरोपियन युनियनचा कारभार बघणाऱ्या युरोपियन कमिशनने 2016 मध्ये सांगितलं की आयर्लंडने दिलेल्या सवलतींमुळे ॲपलच्या एका कंपनीचा टॅक्सचा दर 2014 मध्ये 0.005 टक्क्यांवर आला होता, म्हणजे 10 लाख युरो नफ्यावर 50 युरो!! हिशोब परत करून बघा, बरोबर आहे. आयर्लंडने ॲपलकडून 13 अब्ज युरो वसूल करावेत असा आदेश निघाला तर आयर्लंडच कोर्टात गेला, हे पैसे आम्हाला नकोत म्हणून. 2020 मध्ये युनियनच्या खालच्या कोर्टाने आदेश रद्द केला, 10 सप्टेंबर 2024 ला वरच्या कोर्टाने कायम केला. या आठ वर्षांत लोकांनी फोन घेणं काही थांबवलं नाही. निकाल लागला तो चिकाटीने केस लढवणाऱ्या अधिकाऱ्यांमुळे.

मग कुणी म्हणेल, विषय संपला, नियम करा आणि झालं. पण नियम लिहिताना खोलीत कोण बसलेलं असतं? अमेरिकेत सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांना निवडणुकीच्या प्रचारावर हवा तेवढा खर्च करायची मोकळीक मिळाली, उमेदवाराच्या हातात थेट पैसे द्यायचे नाहीत एवढीच अट. आणि लॉबिंग, म्हणजे कायदे आपल्या सोयीचे व्हावेत म्हणून नेत्यांकडे लावलेली वर्दळ, वेगळंच, नुसत्या केंद्र पातळीवर 2023 मध्ये 4 अब्ज डॉलरच्या वर खर्च झाला, आणि हा फक्त कागदोपत्री जाहीर केलेला. 2021 मध्ये 136 देशांनी मिळून ठरवलं होतं की 75 कोटी युरोंच्या वर उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय कंपनीला कुठेही गेली तरी किमान 15 टक्के टॅक्स लागेल. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने हा करार आपल्याला लागू नाही असं जाहीर केलं, आणि जूनमध्ये जी-7 देशांनी अमेरिकन कंपन्यांना त्यातून मोकळं ठेवायला होकार दिला. इतक्या वर्षांची मेहनत, आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्या ज्या देशाच्या त्याच बाहेर. हे वाचून मी खरंच दोन दिवस चिडलेली होते.

म्हणून मी काय करते ते सांगते. जिथे पर्याय आहे तिथे बदलते आणि का बदललं ते कंपनीला लिहून कळवते, कारण तुम्ही गुपचूप गेलात तर त्यांच्या दृष्टीने विक्री थोडी कमी झाली एवढंच, आणि ती हवामानामुळे झाली असंही ते समजू शकतात. जिथे पर्याय नाही तिथे मनाला लावून घेत नाही, आणि ज्यांच्याकडे वेळ नाही, पैसे नाहीत, त्यांनी स्वस्त तिथून घेतलं तर त्यांना बोल लावत नाही, तुम्हीही लावू नका. नेस्लेवरचा बहिष्कार आठवा, 1977 मध्ये बाळांच्या दुधाच्या पावडरीच्या जाहिरातबाजीवरून सुरू झालेला. तो नुसतं "घेऊ नका" म्हणून थांबला नाही, त्यांनी अशा जाहिरातींवर नियम मागितला, आणि 1981 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत तो 118 विरुद्ध 1 मतांनी आला. विरोधातलं एकमेव मत अमेरिकेचं होतं. न घेण्याबरोबर काहीतरी ठाम मागणं आलं की वजन येतं.

माझं मागणं एकच आहे, देशनिहाय हिशोब उघडे करा. कुठल्या देशात किती माणसं, किती विक्री, किती नफा, किती टॅक्स. युरोपियन युनियनने मोठ्या कंपन्यांना हे सक्तीचं केलंय, 22 जून 2024 पासून पुढे सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी, त्यामुळे असे रिपोर्ट आता साइटवर यायला लागतील. वाचायला सोपे असतात. कर्मचाऱ्यांचा रकाना आणि नफ्याचा रकाना शेजारी ठेवा, जिथे माणसं मोजकी आणि नफा डोंगराएवढा दिसेल तिथे खूण करा. फक्त एक लक्षात असू द्या, या नियमात युनियनमधले देश आणि टॅक्सच्या बाबतीत सहकार्य न करणाऱ्या देशांच्या त्यांच्या काळ्या यादीतले (किंवा सलग दोन वर्षं करड्या यादीत असलेले) देश तेवढे वेगवेगळे दाखवावे लागतात, बाकी सगळ्या जगाची एकच बेरीज चालते. स्टारबक्सच्या बियांचं बिल जिथून यायचं तो स्वित्झर्लंड त्या बेरजेत जातो. तुम्ही कंपनीला लिहिणार असाल तर ती बेरीज फोडून मागा.