परसातली कळलावी

"कळलावी घराजवळ लावू नये गो, भांडणं होतात," असं सासूबाईंनी आधीच बजावलं होतं. मी म्हटलं, "आई, ती तर आपली एरवीही होतातच." मग परसात लावायची परवानगी मिळाली.

पहिला कंद मिळाला रस्त्याच्या कामाला खणलेल्या दरडीत. दोन हातांचा, वाकडा, नांगरासारखा. संस्कृतात हिला लांगली म्हणतात ते यावरूनच. प्रत्येक हाताच्या टोकाला एकच डोळा असतो आणि तो काकडीसारखा कडकन मोडतो. माझा एक पिशवीतच मोडला. दुसरा मी हौसेने अळवाच्या वाफ्यात खुपसला, न्हाणीचं पाणी जातं तिथे. ओल आवडते ना हिला! जुलैत उकरून पाहिलं तर हाताला नुसता लगदा लागला.

ओल हवी, पण पाणी थांबता कामा नये, एवढं तेव्हा कळलं. पुढच्या मेअखेरीस शेजारच्या काकूंनी दिलेला कंद वाफ्याच्या उतरत्या कडेला, रेती आणि पालापाचोळ्याचं खत घालून, आडवा ठेवला. वर दोन-तीन इंच माती. बुंध्याशी सावली, शेंड्याला ऊन, चढायला मेंदीचं कुंपण.

या वेलाला वेगळे ताणे नसतात, पानाचं टोकच दोऱ्यासारखं लांबतं. मी एका टोकाजवळ हिराची काडी खोचली, दुसऱ्या संध्याकाळी तिला दीड वेढा बसलेला! श्रावणात कळ्या आल्या, खाली माना घातलेल्या. उमलल्या की पाकळ्या उलट्या वर वळतात, आधी हिरवट, मग पिवळ्या, मग तांबड्या होत जातात.

झाड सगळंच विषारी, कंद तर फारच. त्यातलं कोल्चिसीन डॉक्टर गाऊटवर, म्हणजे सांधे सुजण्याच्या एका दुखण्यावर, देतात, पण ते मोजून मापून. मी कंद हाताळताना हातमोजे घालते, आणि शेजारची शेळी त्या बाजूला फिरकू देत नाही. पावसाळ्यानंतर वेल वाळतो, तेव्हा पाणी बंद.

भाद्रपदात मात्र हिला कोणी कळलावी म्हणत नाही, तेव्हा ती 'गौरीचे हात'. यंदा सात फुलं होती. बियांसाठी दोन राखून ठेवली होती मी. सासूबाईंनी सातही खुडून गौरीला वाहिली. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं.