बंदराच्या पाण्याने खाल्लेले पाटे

माझी पिकअप गाडी अंगणात उभी केली की डावीकडे झुकलेली दिसायची. वर्षभर मी म्हणत राहिलो, आमचं अंगणच तिरकं आहे. मे महिन्यात हापूसच्या शेवटच्या पेट्या घेऊन वाशीला निघालो आणि खारेपाटणच्या पुढे एका खड्ड्यात मागून खट्ट असा आवाज आला, तेव्हा अंगणावरचा आरोप मागे घ्यावा लागला. मागे दोन्ही बाजूंना गाडीचं वजन झेलणारे, एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात. वाकून पाहिलं तर त्यांतला डाव्या बाजूचा वरून दुसरा पाटा तुटलेला. सगळ्यात वरचा मुख्य पाटा शाबूत होता म्हणून रखडत राजापूर गाठलं, पेट्या ओळखीच्या गाडीत चढवल्या आणि रिकामी पिकअप घरी आणली.

देवगडात आमच्यासारख्यांची गाडी उन्हाळ्यात आंबा आणि एरवी बंदरावरची मासळी वाहते. जूनमध्ये मासेमारी बंद, आंबाही आटोपलेला. मोठं काम काढायचं तर हेच दिवस, फक्त पाऊस डोक्यावर असतो.

आमचे मेस्त्री बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले आणि आतूनच म्हणाले, "ह्या पाट्यांत आता जीव नाय रवलो."

"मेस्त्रीनू, एकच पाटो तुटलो. तेवढोच बदलूया?"

"आणि उरलेले काय पूजेक ठेवतलस?"

बाहेर आल्यावर त्यांनी बोटाने गंजाचा पापुद्रा काढून दाखवला. पाट्यांच्या मधल्या फटीत खारं पाणी शिरलं की सहजी सुकत नाही. आतून गंज फुगतो, पाटा पातळ होतो, त्यावर बारीक खळगे पडतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. पातळ होणं दिसायला किरकोळ असतं, पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या हिशेबाने बदलतो. जाडी दहा टक्के घटली तर कडकपणा पाव हिश्शाहून जास्त उतरतो. माझी गाडी डावीकडे का झुकायची ते कळलं, पण गंज डावीकडेच जास्त का, हे तेव्हा ना मेस्त्रींच्या लक्षात आलं ना माझ्या.

यात माझाही एक जुना शहाणपणा होता. दोन वर्षांपूर्वी गाडी बसल्यासारखी वाटली म्हणून मी घणाने ठोकून पाट्यांची कमान वाढवून घेतली आणि वर दोन्हीकडे एकेक जादा पाटा टाकला. पंधरा दिवस गाडी ऐटीत उंच दिसली. मग ठोकलेली कमान पुन्हा बसली आणि जादा पाट्याचा कडकपणा तेवढा राहिला. रिकाम्या गाडीत चहाचा ग्लास हातात धरवेना. पेटीतले तळाचे आंबे दबले, ते वेगळंच. शिवाय माझ्या गाडीत मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा हे ठरवणारा एक व्हॉल्व आहे. त्याची दांडी मागच्या ॲक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, जोडलेली असते. गाडी खाली बसली की त्याला कळतं, माल भरलाय, आणि तो मागे जास्त ब्रेक देतो. पाटे वाढवून गाडी उंच केली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. ही गोष्ट पाटा टाकताना मला कुणी सांगितली नव्हती, आणि मी विचारलीही नव्हती. म्हणून या वेळी ठरवलं, कंपनीने जेवढे पाटे दिले तेवढेच, तसेच.

कंपनीचा नवा संच परवडेना. बाजारातले लोकल पाटे स्वस्त होते, पण पाट्याचं सगळं मोल त्याच्या पोलादात आणि त्याला दिलेल्या पाण्यात, म्हणजे तापवून कडक करण्यात, असतं, आणि पाणी नीट दिलंय की नाही ते बाहेरून दिसत नाही. मेस्त्रींनी तिसरी वाट काढली. कोल्हापूरच्या बाजूला एका पाटेवाल्याकडे कंपनीचे उतरवलेले संच मिळतात म्हणाले. फोंडा घाट चढून, दाजीपूर-राधानगरीवरून दोघं एका मित्राच्या गाडीने गेलो. घाटात धुकं एवढं, की पुढच्या ट्रकचा दिवासुद्धा अंदाजानेच.

पाटेवाल्याच्या शेडमध्ये संच लाकडांसारखे रचून ठेवलेले होते. काहींवरचा कारखान्याचा रंगही उडालेला नव्हता. इतका कोरा माल भंगारात कसा, असं विचारलं तर तो हसला. "पावणं, ही गाडी शोरूममधनं निघाली ती थेट हितं आली. विटा वाहणाऱ्यास्नी कंपनीचं पाटं मऊ वाटत्यात." म्हणजे मी दोन वर्षांपूर्वी जो शहाणपणा केला, तो काही लोक गाडीच्या पहिल्याच आठवड्यात करतात, आणि त्यांनी काढून टाकलेला माल माझ्या कामाला येतो.

पण प्रत्येक संच तसा नव्हता. अपघातातल्या गाड्यांचेही त्यात मिसळलेले होते. मेस्त्रींनी दीड तास घेतला आणि त्या दीड तासात मी जे शिकलो ते पैशापेक्षा मोठं होतं. एकाच नावाच्या गाडीत वजनाच्या क्षमतेप्रमाणे पाट्यांची संख्या आणि जाडी बदलते, म्हणून आम्ही माझ्या गाडीची मापं वहीत लिहून नेली होती: डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची, म्हणजे मुख्य पाट्याच्या टोकांना वळवलेल्या गोल भोकांमधली लांबी, रुंदी, आणि मधल्या, कमी गंजलेल्या जागेवर व्हर्नियरने घेतलेली जाडी. पहिले दोन जोड तिथेच बाद झाले. तिसऱ्याच्या एका पाट्यावर घणाचे वण होते, म्हणजे कमान ठोकलेली. तो बाजूला. चौथा जोड पसंत पडला, तेव्हा मेस्त्रींनी दोन्ही डोळ्यांमधून दोरी ताणली आणि दोरीपासून पाट्यापर्यंतची खोली मोजली. डाव्या-उजव्यात दोन मिलीमीटरचा फरक. चालेल म्हणाले.

मग पिशवीतून रॉकेलची बाटली आणि शाळेतला खडू निघाला. संच सोडवून प्रत्येक पाटा रॉकेलने पुसला, थोड्या वेळाने फडक्याने कोरडा केला आणि खडूची पूड चोळली. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते. पाटे एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टच्या भोकाजवळ आणि खालच्या आखूड पाट्याचं टोक वरच्याला टेकतं त्या जागी जास्त लक्ष दिलं, कारण पाटे बहुतेक तिथेच तुटतात. पाटेवाला आधी वैतागला, मग त्यानेच खाली बसून पाटे पालटायला मदत केली. रेघ कुठेच उमटली नाही. जोडीचे साडेसात हजार ठरले.

त्याच्याकडे जुने शॉकअपही होते, अगदी नव्यासारखे पुसलेले. मेस्त्रींनी हात लावला नाही. शॉकअप आतून संपतो, आणि पुसून ठेवला की तेल गळत होतं की नाही हे कुणाला कळणार? पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्टही जुने नको. एकदा आवळून ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तीच पकड देत नाही. तेव्हा पाटे जुने; शॉकअप, यू-बोल्ट, मधले बोल्ट आणि डोळ्यांत बसणारे रबरी बुश नवे.

काम घरच्या पडवीत केलं. गाडी उचलून चेसिसखाली मी अंगणातले जांभ्याचे चिरे रचायला लागलो, तर मेस्त्री खरोखरच रागावले. चिरा घर पेलतो, पण एका टोकावर भार आला की भुगा होतो, आणि खाली आपण झोपलेले असतो. गाडी टेकवायचे लोखंडी घोडे आणवले. यू-बोल्टच्या नटांना रात्रभर डिझेल पाजलं होतं, तरी चारांतले तीन हलले नाहीत. शेवटी गॅसने कापले, ब्रेकच्या पाइपवर ओलं पोतं गुंडाळून. पाट्याचं एक टोक चेसिसला टांगणाऱ्या शॅकलची पिन तर बुशात अशी रुतली होती की सगळी दुपार तिनेच खाल्ली.

डावा संच उतरवताना मेस्त्री थांबले, वर हौद्याकडे बघितलं आणि मला खाली बोलावलं. हौद्यातलं पाणी जाण्याचं भोक बरोबर डाव्या पाट्यांच्या डोक्यावर होतं. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी प्रत्येक खेपेला ठिबक सिंचनासारखं त्याच्यावर पडत होतं. भोक मीच पाडून घेतलं होतं.

नवा संच चढवणं त्या मानाने पटकन झालं, पण एक घोळ झालाच. दुसऱ्या दिवशी टेपने दोन्ही बाजूंचं पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर मोजलं, तर उजवीकडे सेंटीमीटरभर जास्त. मधल्या बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात बसलंच नव्हतं, आणि आम्ही त्याच्यावरच यू-बोल्ट आवळले होते. असं सोडलं असतं तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालली असती. पुन्हा सोडलं, बसवलं, चारही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. डोळ्यांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवून, वर चढून दोन-चार धक्के दिल्यावरच पक्के केले. गाडी हवेत असताना ते आवळले तर रबरी बुश पीळ खाऊन बसतो आणि लवकर फाटतो. शेवटी ब्रेकच्या त्या व्हॉल्वची दांडी मोकळी हलते ना, ते पाहिलं.

हौद्याचं जुनं भोक बुजवून पाणी आता पाइपने मागच्या कॅनमध्ये घेतो. बंदरावरून आलो की पाट्यांवर गोड्या पाण्याचा पाइप मारायचा. पूर्वी पावसाआधी खालून जळकं ऑइल फवारायचो, पण रबराला ते सोसत नाही, म्हणून आता बुश सोडून फक्त पाट्यांना ब्रशने लावतो.

बंदर उघडल्यावर पहिली खेप सुरमई आणि बांगड्याची कोल्हापूरला नेली. गाडी सरळ उभी राहते, घाटात वळणावर डोलत नाही. 500 किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासले, तर एका नटाने पाव फेरा घेतला.

तुटलेला पाटा मेस्त्रींनी लोहाराकडे टाकला होता. गंजाखालचं लोखंड अजून कडक होतं. त्याचे दोन कोयते झाले. एक त्यांच्याकडे, एक आमच्या पडवीत. नारळ सोलायला आई तोच घेते.